ओसरीवरून : तृण आणि तरू

वाचकहो, ह्या सदरात आजवर आपण घरातल्या, शाळेतल्या आणि देवघरातल्या गोष्टी बोललो. आज मी आपणांस फार दूर नेणार आहे, आणि तेथून परत आपल्याच एका माळावर आणून सोडणार आहे. मधल्या वाटेवर माझ्या एका जुन्या चुकीची कथा आहे. मास्तराने स्वतःची चूक चारचौघांत सांगावी हे शोभत नाही असे काहींना वाटेल. परंतु फळ्यावर चुकीचे लिहिलेले मास्तराने पुसले नाही, तर पोरे तेच वहीत उतरवून घेतात, हा माझा अडतीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून सांगतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी माझ्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवाकडे, अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरी, तीन महिन्यांसाठी गेलो होतो. त्याचा मुलगा, म्हणजे बंधूंचा नातू, तेथे कॉलेजात शिकतो. मला तो ‘धाकटे आजोबा’ म्हणतो. मार्चमध्ये तिकडे कॉलेजास आठवडाभर सुटी असते. त्या सुटीत विद्यार्थ्यांचा एक गट ओसेज परगण्यातील एका रँचवर विनावेतन अंगमेहनतीस जाणार होता, आणि आमच्या नातवाने त्यात नाव घातले होते. घरात त्यावरून जरा वादंग माजले. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हीच ह्याला सांगा. काट्याची तार गुंडाळावयास का आम्ही ह्याला कॉलेजात घातला?” पुण्याहून वहिनींचा दूरध्वनीवर निराळाच प्रश्न : “तिथे खाण्यापिण्याचे काय?” दोन्ही प्रश्न रास्त होते. नातवाने उलट उत्तर केले नाही. तो एवढेच म्हणाला, “धाकटे आजोबा, तुम्ही बरोबर चला आणि पाहा, मग काय ते सांगा.” गटाची संमती मिळाली. अट एकच, म्हाताऱ्याने करवतीस हात लावावयाचा नाही.

रँच म्हणजे शेत नव्हे. हजारो एकरांचे एकसलग कुरण, त्यावर राखलेली गुरे आणि मध्ये एखादे घर. हे रँच मात्र अशांपैकी होते की, जेथे गुरांबरोबर जमिनीचे मूळचे गवत, त्यातले पक्षी आणि फुले हीही राखावयाची असे मालकांनी ठरविलेले आहे. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांच्या आजोबांपासूनची ही जमीन.

त्या मुलखाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी एके काळी सुमारे १७ कोटी एकर उंच गवताचा प्रदेश होता. शरदात ते गवत माणसाच्या डोक्यावर जाई आणि त्याची मुळे खाली आठ-दहा फूट उतरत. ह्या मुळांनी शतकानुशतके घडविलेली माती इतकी कसदार निघाली की, नांगरांनी तो प्रदेश बहुतेक फाडून मक्याखाली आणला. आज शेकडा चार भागही उरलेला नाही. जो उरला तो मुख्यतः कॅन्सास राज्यातील फ्लिंट टेकड्या आणि त्यांना लागून असलेल्या ओसेज टेकड्या येथे. कारण असे की, येथे मातीचा थर पातळ असून खाली खडक आहे आणि नांगराचा फाळ त्यावर अडतो. ज्या जमिनीस शेतकऱ्याने नापीक म्हणून सोडले तीच गवताची तारक झाली.

ह्या गवताचा खरा धनी बायसन, म्हणजे आपल्या रानगव्याचा दूरचा भाऊबंद. कोट्यवधींच्या संख्येने फिरणाऱ्या ह्या पशूची कातड्यासाठी आणि मूळ रहिवाशांचा अन्नाधार तोडण्यासाठी अशी कत्तल झाली की, १८८९ च्या सुमारास सगळ्या खंडात हजाराच्या आसपासच जनावरे शिल्लक होती. पुढे १९०७ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून पंधरा बायसन आगगाडीने ओक्लाहोमातील विचिटा टेकड्यांकडे पाठविण्यात आले. गावातल्या गोठ्यातून रानात वासरे सोडावीत तसा तो प्रकार! ओसेज टेकड्यांत १९८९ साली नेचर कन्झर्व्हन्सी ह्या संस्थेने सुमारे २९,००० एकरांचे एक जुने रँच विकत घेऊन राखीव केले आणि १९९३ साली त्यावर तीनशे बायसन सोडले. आज तेथे दोन हजारांवर आहेत. ज्यांच्या नावाने हा परगणा ओळखला जातो त्या ओसेज लोकांनीही २०१६ साली सुमारे ४३,००० एकरांचे एक रँच विकत घेतले आणि गेलेल्या भूमीतला एक तुकडा परत मिळविला. १९८९ हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

आमचा गट चौदा जणांचा, त्यांत आठ मुली. मुक्काम गुराख्यांसाठी बांधलेल्या एका लांबट खोलीत. पहाटे उठावयाचे, आपले आपण रांधावयाचे आणि दिवस उगवताच माळावर जावयाचे. पहिल्या दिवशी काम जुन्या कुंपणाचे निघाले. मालकीणबाईंना दोन कुरणे एक करावयाची होती. जमिनीत गाडलेले लोखंडी खांब उपसणे, गंजलेली काटेरी तार सोडवून तिची वेटोळी करणे आणि तारेचा एकही तुकडा गवतात राहू न देणे. तुकडा गुराच्या पोटात गेला तर जीव जातो. ते तुकडे वेचण्याचे काम माझ्याकडे आले. हातात जाड मोजे घालून मी बादली भरीत होतो. संध्याकाळी मुले अंगावर गोचीड चढला आहे काय ते पाहावयास बसत. आमच्या नातवाच्या तळहाताला फोड आले. त्याने ते मला दाखविले, आईस कळवू नका म्हणाला. मी कळविले नाही. आज ह्या लेखाने कळेल.

दुसऱ्या दिवशी मात्र मला धक्का बसला. मुलांच्या हाती करवती आणि लांब दांड्यांच्या कात्र्या देण्यात आल्या आणि सांगण्यात आले की, माळावर जी हिरवी झाडे दिसतील ती तोडावयाची. वाचकहो, मार्चात तो सारा मुलूख वाळक्या गवताने पिंगट दिसतो. त्यात हिरवे असे एकच, ते म्हणजे रेड सीडर नावाचे झाड. नाव देवदाराचे, जात मात्र निराळी. ज्या माणसाने जन्मभर मुलांकडून ‘झाडे लावा’ असे निबंध लिहवून घेतले, त्याच्या देखत त्याचा नातू हिरवे झाड बुंध्याशी कापतो आणि पुढच्याकडे वळतो! मी दुपारपर्यंत गप्प बसलो. जेवणाच्या वेळी मालकीणबाईंना विचारले.

त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. हे झाड त्याच देशातले आहे, परके नव्हे. परंतु पूर्वी ते दऱ्याखोऱ्यांत, खडकांच्या आडोशाने असे. माळावर दर काही वर्षांनी वणवा फिरे, कधी विजेचा, बहुधा ओसेजांसारख्या जमातींनी मुद्दाम लावलेला. गवताचे प्राण मुळांत असल्यामुळे ते जळून पुन्हा उगवते. सीडरचे रोप जळाले की संपले. पुढे वसाहतवाल्यांनी वणवे बंद केले आणि सीडर माळावर चढला. पाखरे त्याची फळे खातात आणि कुंपणाच्या तारेवर बसून बिया टाकतात, म्हणून कुंपणाच्या कडेने त्यांची रांगच उभी राहते. त्याच्या दाट सावलीत गवत मरते, तो जमिनीतले पाणी ओढून घेतो आणि अंगच्या तेलामुळे सुक्या दिवसांत पेटला की भडकतो. आम्ही जाण्यापूर्वी थोडेच दिवस, १४ मार्च २०२५ रोजी, त्या राज्यात वादळी वाऱ्यात एकाच दिवशी शंभराहून अधिक वणवे लागले होते आणि शेकडो घरांना त्यांची झळ पोहोचली होती. त्यामुळे हे बोलणे कोणाला सांगोवांगीचे वाटले नाही. सीडरचा एक गुण म्हणजे, सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापला की तो पुन्हा फुटत नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या हातकरवतीनेही काम भागते.

मी विचारले, “ही झाडे मुळात इतकी आणली कोणी?” बाई हसल्या आणि घराच्या उत्तरेकडे बोट केले. तेथे जुन्या सीडरांची एक सरळ रांग उभी होती. १९३० नंतरच्या दशकात त्या प्रदेशात भयंकर दुष्काळ पडून धुळीची वादळे उठली. तेव्हा रूझवेल्ट सरकारने वारा अडविण्यासाठी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत झाडांचे पट्टे लावण्याची योजना काढली आणि १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडे लाविली. लाविलेल्या जातींत सीडरही होता. बाईंच्या आजोबांनी त्याच वाऱ्यावर घरापाशी ही रांग लाविली. बाई म्हणाल्या, “धुळीने मुले गुदमरत होती. आजोबांनी बरोबर केले. माळावरची मी कापते, ही रांग मात्र मी कापणार नाही.”

दुसरा एक प्रश्न विचारल्यावाचून मला राहवेना. गुरे कोठे जातात? बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले, मांसासाठी विकली जातात. गवत चरले गेले नाही आणि जळलेही नाही तर स्वतःच्याच वाळक्या पसाऱ्याखाली गुदमरते. आणि रँच पोट भरीना तर ते विकले जाऊन त्याचे तुकडे पडतात, मग ना गवत ना पाखरू. हा युक्तिवाद मला खोडता आला नाही, पण माझे मन त्याने निवलेही नाही. दारच्या गाईस गोग्रास घालून जेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाचे ते निवणारही नाही. वहिनींच्या समाधानासाठी एवढे लिहितो की, नातवाने आठवडाभर माझ्याबरोबर वरणभातच खाल्ला आणि शेवटच्या दोन दिवसांत गटातल्या तिघी मुलींनी तोच मागून घेतला.

चौथ्या दिवशी पहाटे अंधारात बाई आम्हांस एका उंचवट्यावर घेऊन गेल्या. प्रेअरी चिकन नावाचा, तित्तिराच्या कुळातला एक पक्षी आहे. वसंतात त्याचे नर ठरलेल्या जागी जमतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवितात आणि पाय आपटीत नाचतात. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी फुंकल्यावर यावा तसा घुमणारा आवाज चहूंकडून येत होता. बाईंनी हळूच सांगितले की, ह्या पक्ष्यास उंच काही खपत नाही. झाड दिसले की त्यावर ससाणा बसेल ह्या भयाने तो ती जागा सोडतो. उडतानाही तो जमिनीलगत उडतो, म्हणून तारेवर आपटून मरतो. आदल्या तीन दिवसांची सारी मेहनत कशासाठी होती ते तेव्हा उमगले. आणि त्याच क्षणी मला आपला माळढोक आठवला. तोही गवताळ माळाचाच पक्षी. तोही गळ्याची पिशवी फुगवून मादीला बोलावतो, तोही विजेच्या तारांवर आपटून मरतो. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आज सगळ्या भारतात तो दीडशेच्या आत उरला असून महाराष्ट्रात त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. आता १९८९ सालाकडे येतो.

त्या वर्षी मी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका गावी शिक्षक होतो. शाळेमागे गावाचा दीडशे एकरांचा माळ होता. पावसाळ्यात त्यावर पवन्या, मारवेल आणि कुसळी गवत उठे, आणि दिवाळीनंतर सारे पिवळे पडे. मला तो माळ ओसाड, लाजिरवाणा वाटे. शेतकीखात्याकडून गिरिपुष्पाची रोपे फुकट मिळत होती. नाव संस्कृत असल्यामुळे मला ते झाड आपलेच वाटले. वस्तुतः ते मध्य अमेरिकेतून आलेले आहे. वनमहोत्सवाच्या सप्ताहात मी मुलांकडून तीन वर्षांत चार हजार रोपे लाविली. सत्कार झाला, शालही मिळाली.

पहिल्याच वर्षी एक म्हातारा धनगर खड्ड्यांपाशी येऊन उभा राहिला होता. कोकणातून मेंढरे घेऊन परत आल्यावर पावसाळाभर तो त्या माळावर चारीत असे. तो म्हणाला, “मास्तर, झाडं लावताय, पुण्याचं काम हाय. पर खालचं गवात मरंल. मग मेंढरं काय खातील?” मी त्यास मुलांसमोर पाऊस, ढग आणि वृक्ष ह्यांच्या संबंधावर पाव तास व्याख्यान दिले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, काठी उचलली आणि गेला. मुले हसली. मी त्यांस हसू दिले.

वाचकहो, आपण काय करीत आहोत ते कळण्याइतके ज्ञान मजजवळ होते, हीच खरी खंत आहे. मी संस्कृत शिकविणारा मनुष्य. आयुर्वेदात जांगल देश म्हणतात तो दाट अरण्याचा नव्हे, तर थोडे पाणी, विरळ झाडे आणि मोकळे माळ असलेला, आणि त्यास आरोग्यकारक म्हटले आहे. स्मृतिकारांनी यज्ञयोग्य भूमीची खूण सांगताना कृष्णसार मृगाचा वावर सांगितला आहे. आमच्या मुंजींत ज्याच्या अजिनाचे महत्त्व तो हा काळवीट, आणि तो राहतो कोठे? उघड्या गवताळ माळावर. झाडीत तो राहत नाही. दूर्वा आम्ही गणपतीच्या मस्तकी वाहतो, दर्भावाचून आमचे श्राद्ध होत नाही. तरीही क्षुद्र म्हणावयाचे झाले की आम्ही ‘तृणवत्’ म्हणतो. मी पस्तीसाहून अधिक वर्षे हे शब्द शिकविले आणि खिडकीबाहेरच्या माळाकडे त्या शब्दांतून एकदाही पाहिले नाही. त्या निरक्षर धनगराने पाहिले होते. उलटही एक गंमत आहे. आपला मारवेल टेक्सास राज्यात नेऊन पेरला गेला आणि आज तेथील मूळच्या गवतास तो उपद्रवी झाला आहे. गिरिपुष्प इकडे आला, मारवेल तिकडे गेला. दोष झाडाचा नाही, गवताचाही नाही. जागा न ओळखणाऱ्या माणसाचा आहे.

सकाळी मी हे सारे नातवास सांगितले. तो थोडा वेळ तारेची गुंडाळी करीत राहिला आणि मग म्हणाला, “मग आता तुम्ही काय करणार, धाकटे आजोबा?” त्याने हे उपरोधाने विचारले नव्हते, म्हणूनच ते टोचले. आणि ज्या मुलास समजावण्यासाठी मी गेलो होतो त्याच्याविषयी पुतण्यास काय सांगावे, हेही ठरले. मी त्यास म्हणालो, “फी फुकट जात नाही. मुलगा शिकत आहे.”

परत आल्यावर जुलैत मी त्या गावी गेलो. माझी झाडे वीस फुटांची झाली आहेत. लोक म्हणतात मास्तरांनी माळ हिरवा केला. खाली वाकून पाहिले तर गवताची काडी नाही, वाळका पाला आणि गिरिपुष्पाचीच रोपे. पूर्वी पावसाच्या तोंडी तेथे चंडोल वर चढत गात असे. मी सकाळी दोन तास बसलो, एकही ऐकू आला नाही. धनगराच्या घरी गेलो. म्हातारा वारून बारा वर्षे झाली. मुलगा औद्योगिक वसाहतीत पहारेकरी आहे, मेंढरे कधीच विकली. मी त्यास म्हणालो, “तुझे वडील खरे होते. मी चुकलो, हे सांगावयास आलो.” त्याने चहा ठेवावयास सांगितले. मग म्हणाला, “आबा बोलायचं कधीमधी. राग न्हवता त्यांचा. पर आता मेंढरंच न्हाईत, मास्तर.” ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही.

तरी नातवाच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचेच होते. गिरिपुष्प सीडरसारखा सुखासुखी मरत नाही. कापावा तितका जोमाने फुटतो, म्हणून मुळासकट खणून काढावा लागतो. शिवाय माळ गावाचा आहे, माझ्या पश्चात्तापासाठी कोणी मनमानी करू नये. मी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज केला. चार बैठका झाल्या, दोनदा माझी थट्टाही झाली. अखेर शाळेलगतचा दोन एकरांचा तुकडा पाहणीसाठी मिळाला. आठवी-नववीची अकरा मुले रविवारी येतात. त्या धनगराचा नातू त्यांत आहे, आणि कुदळ त्याच्याच हाती नीट चालते. सव्वाशे खोडे निघाली आहेत. एका मोकळ्या पट्ट्यात पहिल्या पावसाला मारवेलाचे सात ठोंब दिसले. मुलांनी त्यांभोवती दगड मांडले आहेत.

कोणी असे समजू नये की मी वृक्षांचा वैरी झालो. सह्याद्रीच्या घाटात, ओढ्याकाठी, देवराईत झाड हवेच, आणि तेही त्या मातीतले. परंतु येत्या पावसाळ्यात आपल्या घरचे कोणी वडिलांच्या स्मरणार्थ वृक्षारोपणास वर्गणी देणार असेल, मुले टोपल्या घेऊन एखाद्या ‘ओसाड’ माळाकडे निघणार असतील, तर एवढे करावे. प्रथम त्या माळावर जनावरे चारणाऱ्या म्हाताऱ्यास गाठावे, येथे काय उगवते, कोण राहते, हे विचारावे, आणि तो उत्तर देऊ लागला की आपले व्याख्यान आवरते घ्यावे. मला ते पाव तास आवरता आले असते, तर छत्तीस वर्षे वाचली असती.